शेवटची पायरी : कंपायलरच्या किमान आवृत्तीचा इतिहास

कंपायलरच्या किमान आवृत्तीचा इतिहास हा विषय वसंत व्याख्यानमालेच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे कारण आरंभीच सांगितले पाहिजे. राज्यांचा, चळवळींचा, संतांचा आणि ग्रंथांचा इतिहास आपण या मांडवात पुष्कळ ऐकतो. परंतु ज्या एका कारागिरीने गेल्या काही दशकांत आपले सारे व्यवहार व्यापून टाकले आहेत, तिच्या घरातल्या गोष्टी आपल्या कानांवर क्वचितच येतात. बँकेतील खाते, रेल्वेचे तिकीट, हातातल्या फोनवर आलेले लग्नाचे छायाचित्र, या सर्वांच्या मुळाशी थोड्या माणसांनी लिहिलेल्या आणि सर्वांना विनामूल्य वापरू दिलेल्या संहिता आहेत. या माणसांपुढे एक प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. नव्या साधनांचा लाभ घ्यावयाचा, तर जुन्या साधनांवर काम करणाऱ्यांना कोठपर्यंत सांभाळून घ्यावयाचे? प्रश्न वरवर यंत्राचा दिसतो. पण त्याच्या पोटात ऋणाचा, न्यायाचा आणि दिलेला शब्द पाळण्याचा प्रश्न आहे, आणि म्हणून तो आपल्याही विचाराचा विषय होतो.

प्रथम शब्दांचा खुलासा करू. यंत्राला आकड्यांखेरीज दुसरी भाषा कळत नाही. माणूस मात्र आपल्याला सोयीच्या भाषेत आज्ञा लिहितो. माणसाने लिहिलेल्या त्या संहितेचे यंत्राच्या आकड्यांत रूपांतर करणारा जो प्रोग्रॅम, तो कंपायलर. लायब्ररी म्हणजे येथे पुस्तकांचे कपाट नव्हे. एकाने एकदा लिहून ठेवावे आणि हजारोंनी आपापल्या कामात जोडून घ्यावे असा तयार संहितांचा संच म्हणजे लायब्ररी. तिची मूळ संहिता कोणालाही वाचण्यास, बदलण्यास व वाटण्यास मोकळी असली की तिला मुक्तस्रोत म्हणावयाचे. ग्रंथांप्रमाणे कंपायलरच्याही आवृत्त्या निघतात, आणि प्रत्येक नव्या आवृत्तीला भाषेतील काही नवे प्रयोग कळू लागतात. साहजिकच लायब्ररीच्या कर्त्याला सांगावे लागते की, माझी संहिता अमुक आवृत्तीपासून पुढच्या कंपायलरांना कळेल, त्याआधीच्यांना कळणार नाही. हीच किमान आवृत्ती. नदीच्या घाटाची पाण्याकडची शेवटची पायरी जशी, तशी ती आहे. ती किती खाली असावी, यावर कोणाचा पाय पोहोचेल हे ठरते.

प्रमाणभाषा आणि जुने बोल

या इतिहासाचा आरंभ सी या भाषेपासून करणे सोयीचे आहे. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीजमध्ये १९७० च्या दशकाच्या आरंभी ही भाषा घडविली, आणि १९७८ साली ब्रायन कर्निघन व रिची यांनी लिहिलेले पुस्तक हेच बराच काळ तिचे व्याकरण ठरले. पुढे यंत्रे बनविणाऱ्या प्रत्येक कंपनीने आपापला कंपायलर केला आणि एका भाषेच्या अनेक बोली झाल्या. तेव्हा १९८३ साली अमेरिकेत एक समिती नेमली गेली. तिने सिद्ध केलेली प्रमाण सी भाषा १९८९ साली मान्य झाली व पुढच्याच वर्षी ती आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून स्वीकारली गेली.

प्रमाण ठरले म्हणजे वाद मिटला असे मात्र झाले नाही. आपल्याकडे १९६२ साली मराठी शुद्धलेखनाचे नवे नियम आले आणि पुष्कळसे अनुस्वार गेले. तरीही अनुस्वारांनी भरलेला जुना ग्रंथ आपण अडखळत का होईना वाचतो, आणि जुन्या पिढीचा वाचक नवी मुद्रिते वाचतो. माणसाची बुद्धी फरक भरून काढते. कंपायलरजवळ ही उदारता नसते. त्याला न कळलेले एक चिन्ह आले की तो सारे काम थांबवितो.

नव्या आणि जुन्या पद्धतींत एक मोठा भेद होता. संहितेतील एखाद्या कार्याला कोणत्या जातीची किती मूल्ये द्यावयाची, हे जुन्या पद्धतीत ते कार्य लिहिताना कंसाच्या बाहेर मागाहून सांगितले जाई, आणि दुसऱ्या फाइलीतून ते कार्य बोलाविताना त्याचा मेळ बसतो की नाही हे कंपायलर तपासत नसे. दोन मूल्ये हवी असताना तीन दिली, पूर्णांकाच्या जागी अपूर्णांक दिला, तरी तो मुकाट्याने पुढे जाई. चूक उघडकीस येई ती प्रोग्रॅम चालताना, आणि तीही बहुधा दुसऱ्याच ठिकाणी. प्रमाण सीमध्ये या मूल्यांच्या जाती आधीच जाहीर करण्याची सोय झाली आणि असल्या चुका जागच्या जागी पकडल्या जाऊ लागल्या. नव्या पद्धतीचा लाभ निर्विवाद होता.

मग सर्वांनी ती ताबडतोब का स्वीकारली नाही? कारण कंपायलर हा त्या काळी यंत्राबरोबर येई, आणि तो बदलणे वापरणाराच्या हाती नसे. सन कंपनीच्या सनओएस ४ बरोबर येणारा कंपायलर जुन्याच पद्धतीचा होता. एचपी कंपनीच्या एचपी-यूएक्सबरोबर मिळणाराही तसाच होता, आणि प्रमाण सी जाणणारा हवा असेल तर वेगळे पैसे भरावे लागत. विद्यापीठातील एखाद्या विभागाला महागडे यंत्र एकदा मिळे आणि ते पुष्कळ वर्षे वापरावे लागे. नवी पद्धत वापरून लिहिलेली लायब्ररी अशा विभागाला निरुपयोगी ठरे. म्हणजे किमान आवृत्तीची पायरी त्या काळी लेखकाच्या आवडीने ठरत नव्हती, ती वापरणाराच्या दारिद्र्याने ठरत होती.

या अडचणीवर रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीसीसी या मुक्त कंपायलरने १९८७ पासून मोठा उतारा दिला. तो फुकट होता आणि अनेक जातींच्या यंत्रांवर चालत असे. पण त्यातही एक गंमत आहे. जीसीसी स्वतः सीमध्ये लिहिलेला होता, तेव्हा तो बांधण्यास आधी दुसरा कंपायलर हवा, आणि तो बहुधा यंत्राबरोबर आलेला जुनाच असावयाचा. म्हणून ज्या जीसीसीने जगाला प्रमाण सी दिली, त्याची स्वतःची संहिता मात्र दीर्घकाळ जुन्या कंपायलरांनाही समजेल अशा रीतीने लिहिली जात होती. २००४ साली निघालेल्या ३.४ या आवृत्तीपासून ती बांधण्यास प्रमाण सीचा कंपायलर आवश्यक झाला. प्रमाण ठरल्यापासून पंधरा वर्षे ही पायरी पाण्याजवळ ठेवली गेली होती, कारण इतर सर्वांना वर येण्याचा तोच रस्ता होता.

इतर लेखकांनी दोन मार्ग काढले. घोस्टस्क्रिप्टचे कर्ते एल. पीटर डॉइच यांनी एक लहानसा प्रोग्रॅम लिहिला. लेखकाने नव्या पद्धतीने लिहावे, आणि जुना कंपायलर असेल तेथे या प्रोग्रॅमने संहिता जुन्या पद्धतीत उतरवून द्यावी, अशी ही योजना. छायाचित्रांच्या जेपीईजी पद्धतीच्या प्रसिद्ध लायब्ररीने तिचा अवलंब केला, आणि ऑटोमेक या बांधकामाच्या साधनातही तिला स्थान मिळाले. २०१२ सालच्या आवृत्तीत ते काढून टाकण्यात आले. दुसरा मार्ग असा की, लेखकानेच जुन्या पद्धतीने लिहीत राहावे आणि नव्या कंपायलरांसाठी आवश्यक तेवढी सोय करून ठेवावी. या दुसऱ्या मार्गाचे उदाहरण थोडे विस्ताराने पाहण्याजोगे आहे.

झेडलिबची अठ्ठावीस वर्षे

१९९४ च्या अखेरीस युनिसिस या कंपनीने आपल्या पेटंटाच्या बळावर जीआयएफ चित्रपद्धती वापरणाऱ्या प्रोग्रॅमांकडून मोबदला मागण्याचे जाहीर केले. त्यावर उपाय म्हणून पीएनजी ही नवी, सर्वांना मोकळी असलेली चित्रपद्धती आखली गेली. तिच्यासाठी मजकूर आकुंचित करण्याचे जे साधन हवे होते, ते फ्रान्समधील झाँ-लू गेली आणि अमेरिकेतील मार्क ॲडलर यांनी लिहिले. त्याचे नाव झेडलिब. त्याची पहिली जाहीर आवृत्ती १ मे १९९५ रोजी निघाली. आज पीएनजी चित्रांत, संकेतस्थळांवरून येणाऱ्या आकुंचित मजकुरात, गिटसारख्या संहिता-भांडारात, किती ठिकाणी ही लायब्ररी बसलेली आहे याची मोजदाद करणे कठीण आहे.

तिच्या प्रसाराचे एक कारण तिची सहिष्णुता हे होय. कर्त्यांनी प्रत्येक कार्य जुन्या पद्धतीने लिहिले, आणि त्याच्या जाहीरनाम्याभोवती एक लहानसे आवरण घातले. नवा कंपायलर असेल तर त्या आवरणातून मूल्यांच्या जाती त्याला दिसत, जुना असेल तर त्या झाकल्या जात. झेडलिबच्या गाठोड्यात एमएस-डॉसवरील टर्बो सीसाठी बांधकामाची वेगळी फाइलही होती. टर्बो सी हे नाव आपल्याकडील श्रोत्यांना अपरिचित नाही. आपल्या अनेक महाविद्यालयांत १९९० च्या दशकाच्या आरंभीचा तो निळ्या पडद्याचा कंपायलर, जगाने सोडून दिल्यानंतरही कित्येक वर्षे, प्रयोगशाळेत चालत राहिला. १९९८ साली सी प्लस प्लसचे पहिले आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरले, त्याच्या आधीचा तो. अशा कंपायलरवर शिकलेल्या विद्यार्थ्याला जगातील बहुतेक नव्या लायब्रऱ्यांचे दार बंद होते. झेडलिबचे मात्र उघडे होते. एवढ्या खालच्या पायरीचा लाभ कोणाला होतो, हे यावरून ध्यानात यावे.

पण खालची पायरी कायम राखणे फुकट होत नाही. सी भाषेची प्रमाणे पुढे सरकत होती. १९९९ आणि २०११ साली नव्या आवृत्त्या आल्या, आणि २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रमाणाने जुन्या पद्धतीची ती कार्यलेखनाची रीत भाषेतूनच काढून टाकली. त्याची चाहूल आधीच लागली होती. २०२२ साली निघालेला क्लँग कंपायलरचा पंधरावा अवतार असल्या रचनेवर आपण होऊन सूचना देऊ लागला. १८ ऑगस्ट २०२३ रोजी झेडलिबची १.३ ही आवृत्ती निघाली आणि तीत जुन्या पद्धतीची सारी कार्ये नव्या पद्धतीने लिहिलेली होती. जुनी रीत अठ्ठावीस वर्षे टिकली. १९७८ च्या व्याकरणापासून मोजले, तर पंचेचाळीस.

यातून एक धडा निघतो, आणि तो अनेकांच्या ध्यानी उशिरा आला. किमान आवृत्तीचा विचार करताना आपण केवळ तळाकडे पाहतो. पण वर छतही असते, आणि तेही हलते. जी संहिता सर्वांत जुन्या कंपायलरला समजावी म्हणून जपली, तीच सर्वांत नव्या कंपायलरला अमान्य होऊ शकते. जीसीसीची पंधरावी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये निघाली. तिने नवे प्रमाण गृहीत धरण्यास आरंभ केला, आणि वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेल्या अनेक जुन्या संहिता तिच्यापुढे अडल्या. आजोबांचा मान राखताना नातवंडांशी बोलणे तुटू नये, अशी ही कसरत आहे.

लिहिलेला नियम आणि खरा नियम

आता लिनक्सकडे वळू. लिनक्सचे कर्नल ही काटेकोर अर्थाने लायब्ररी नव्हे, पण या प्रश्नाचा विचार तेथे जितका उघडपणे झाला तितका क्वचितच झाला असेल. २०१८ पर्यंत त्याच्या कागदपत्रांत किमान जीसीसी ३.२ असे लिहिलेले होते. ३.२ ही आवृत्ती २००२ सालची. कागदावर सोळा वर्षांचा जुना कंपायलर चालत होता. वस्तुस्थिती निराळी होती. यंत्रांच्या कित्येक जातींवर इतक्या जुन्या कंपायलरने कर्नल नीट बांधताच येत नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये निघालेल्या ४.१९ या आवृत्तीत किमान मर्यादा जीसीसी ४.६ वर आणली गेली, तेव्हा फारसा कोणाचा आधार तुटला नाही. जो आधार तुटला असे म्हणावे, तो आधीच तुटलेला होता.

न तपासलेले वचन हे वचन नव्हे, हे या प्रकरणाचे मर्म होय. एखादी लायब्ररी म्हणते की अमुक जुनी आवृत्ती चालेल. पण त्या आवृत्तीवर कोणी दररोज ती बांधून पाहत नसेल, तर लेखकाच्या नकळत एखादा नवा प्रयोग संहितेत शिरतो आणि वचन खोटे ठरते. ज्याला ते वचन खरे वाटले त्या दूरच्या माणसाला ते कळते, तेही अवेळी.

त्यानंतर लिनक्सची पायरी लवकर लवकर वर सरकली. २०२० साली ५.८ मध्ये ती जीसीसी ४.९ वर आली, २०२१ साली ५.१५ मध्ये ५.१ वर. याचे फळ पुढच्याच वर्षी दिसले. कर्नलमध्ये यादीतून एकेक वस्तू पाहत जाण्याची एक रचना सर्वत्र वापरली जाते. तिच्यात फिरता दर्शक फेऱ्याच्या बाहेर जाहीर करावा लागे, कारण कर्नलची संहिता तोवर १९८९ च्या सी भाषेला धरून होती. फेरा संपल्यावरही तो दर्शक जिवंत राही, आणि कोणी तो चुकून वापरला तर तो भलत्याच जागी बोट दाखवी. फेब्रुवारी २०२२ मध्ये या दोषाची चर्चा निघाली असता लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी प्रश्न केला की, दर्शक फेऱ्याच्या आतच जाहीर करू देणारी नवी भाषा आपण का घेऊ नये? किमान कंपायलर आधीच ५.१ झालेला होता, आणि त्याला २०११ ची सी उत्तम येत होती. त्यामुळे कोणालाही न दुखविता त्या वर्षी मे महिन्यात निघालेल्या ५.१८ मध्ये ही भाषा स्वीकारली गेली. पायरी चढविण्याचा निर्णय एका दिवशी होतो आणि त्याचा लाभ दुसऱ्या दिवशी, भलत्याच कामात होतो.

या संदर्भात गिटच्या कर्त्यांनी योजलेला एक उपाय मला शहाणपणाचा वाटतो. नव्या सी भाषेतील एखादा प्रयोग वापरावा की नाही याची खात्री नसली, तर ते तो प्रयोग संहितेतील एकाच, मोक्याच्या जागी करून ठेवीत. हवेची दिशा पाहण्यासाठी फुगा सोडावा तसा हा फुगा. काही आवृत्त्या लोटेपर्यंत जगातून कोणाची तक्रार आली नाही, तर तो प्रयोग सर्वत्र खुला. तक्रार आली, तर एकच ओळ परत फिरवावयाची. असे फुगे त्यांनी २०१७ पासून सोडले, आणि २०२१ च्या अखेरीस १९९९ ची सी भाषा आवश्यक करण्याचे पाऊलही याच पद्धतीने टाकले. लोकांना न विचारता त्यांचे मत घेण्याचा हा मार्ग आहे, आणि माघारीची वाटही त्यात मोकळी राहते.

सहा आठवड्यांची भाषा

आतापर्यंतचा इतिहास दशकांच्या मापाने चालला. रस्ट या भाषेने हे माप बदलले. १५ मे २०१५ रोजी तिची पहिली स्थिर आवृत्ती निघाली, आणि तेव्हापासून दर सहा आठवड्यांनी नवा कंपायलर निघतो. दुसरीकडे डेबियनसारख्या सावकाश चालणाऱ्या वितरणाची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ मध्ये ऑगस्ट २०२२ चा रस्ट १.६३ होता. दोन वर्षांत रस्टच्या सतरा आवृत्त्या निघतात. म्हणजे एकाच काळात राहणाऱ्या दोन माणसांच्या हाती सतरा पिढ्यांच्या अंतराची साधने असू शकतात.

या अंतराचा चटका फेब्रुवारी २०२१ मध्ये बसला. पायथॉन भाषेत गुप्तलेखनासाठी क्रिप्टोग्राफी नावाची सर्वत्र वापरली जाणारी लायब्ररी आहे. ७ फेब्रुवारी रोजी निघालेल्या तिच्या ३.४ या आवृत्तीत संहितेचा लहानसा भाग रस्टमध्ये लिहिलेला होता. कर्त्यांचा हेतू प्रामाणिक होता. सी भाषेत स्मृतीच्या गैरवापरामुळे सुरक्षेला मोठी भगदाडे पडतात, आणि गुप्तलेखनाच्या कामात ती परवडत नाहीत. ज्यांना तयार बांधलेली लायब्ररी मिळे, त्यांना काहीच जाणवले नाही. पण अल्पाइन लिनक्स वापरणाऱ्यांना ती स्वतः बांधावी लागे, आणि त्यांची बांधकामे एका रात्रीत अडली. जेंटू लिनक्सवर अल्फा किंवा एचपी-पीएसारखी जुनी यंत्रे सांभाळणाऱ्यांची स्थिती याहून बिकट होती, कारण त्या यंत्रांसाठी रस्टचा कंपायलर अस्तित्वातच नव्हता. त्यांच्यापुढून पायरी वर गेली नव्हती, घाटच बंद झाला होता.

वाद कडाक्याचा झाला. एका बाजूचे म्हणणे, आम्ही विनामोबदला काम करतो, पंचवीस वर्षांपूर्वीच्या यंत्रासाठी कोट्यवधी लोकांची सुरक्षितता का धोक्यात घालावी? दुसऱ्या बाजूचे म्हणणे, आम्ही तुमच्या भरवशावर इमारत उभारली, पूर्वसूचना आमच्यापर्यंत पोहोचली नाही. दोहोंतही तथ्य होते. कर्त्यांनी त्या आवृत्तीपुरती रस्ट वगळून बांधण्याची सोय ठेवली होतीच. प्रथम त्यांनी रस्ट १.४५ ही मर्यादा सांगितली होती, ती थोड्याच दिवसांत १.४१ वर उतरविली. पुढे तर आवृत्त्यांना क्रमांक देण्याची पद्धतच बदलून थेट ३५ हा आकडा घेतला. ३.३ वरून ३.४ असा किरकोळ दिसणारा बदल पाहून लोकांची जी समजूत होत होती, ती पुन्हा होऊ नये हा त्यात लाभ होता.

येथे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो. किमान आवृत्ती वाढविणे हा करारभंग मानावा काय? लायब्ररी जे काम करते ते तसेच आहे, फक्त ते बांधण्याचे साधन नवे हवे, असे एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो, काल ज्याचे काम चालत होते आणि आज अडले, त्याच्या दृष्टीने करार मोडलाच. रस्टच्या जगात हा वाद वर्षानुवर्षे चालला, आणि त्यातून एक व्यवस्था निघाली. ऑक्टोबर २०२१ च्या १.५६ या आवृत्तीपासून प्रत्येक लायब्ररीला आपली किमान आवृत्ती नेमलेल्या जागी लिहिता येऊ लागली, आणि जुना कंपायलर असेल तर त्याला गूढ दोषांच्या ढिगाऐवजी एक स्वच्छ वाक्य दिसू लागले. जानेवारी २०२५ च्या १.८४ मध्ये पुढची पायरी आली. लायब्रऱ्या निवडणारा प्रोग्रॅम आता वापरणाराची मर्यादा पाहून तिला जुळणारी, थोडी जुनी असली तरी चालणारी आवृत्ती निवडू शकतो. पूर्वी लेखकाने पायरी वर नेली की जुना माणूस पाण्यात पडे. आता तो निदान आधीच्या पायरीवर उभा राहतो. वादाचे उत्तर कोणी युक्तिवादाने दिले नाही, ते व्यवस्थेने दिले.

ओझे कोणी वाहावे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्यांना सांभाळण्याचे ओझे कोणाचे? रेड हॅट कंपनीच्या लिनक्सचे उदाहरण घ्या. तिची सातवी आवृत्ती २०१४ साली निघाली आणि तिची नित्य देखभाल ३० जून २०२४ रोजी संपली. तिच्याबरोबरचा कंपायलर जीसीसी ४.८ होता. मोठ्या कंपन्या या दहा वर्षांच्या स्थैर्यासाठी पैसे मोजतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु त्याच कंपन्यांचे नोकर एखाद्या विनावेतन लेखकाकडे जाऊन म्हणू लागले की आमच्या ४.८ साठी तुझी लायब्ररी जुनीच ठेव, तर ते स्थैर्य एकाने विकले आणि त्याची किंमत दुसऱ्याने भरली असे होते. रेड हॅटने जुन्या प्रणालीवर चालणारे नवे कंपायलर स्वतंत्र संचाच्या रूपाने दिले, हा त्यातला रास्त मार्ग होय. ज्याने स्थैर्याचे पैसे घेतले त्याने स्थैर्य पुरवावे.

पण जुने साधन वापरणारा प्रत्येक जण श्रीमंत कंपनीचा नोकर नसतो. प्रयोगशाळेत जे यंत्र आहे त्यावरच शिकणारा तालुक्याच्या गावचा विद्यार्थीही त्यात असतो. त्याने जुना कंपायलर निवडलेला नाही, तो त्याच्या वाट्याला आलेला आहे. त्याच्याविषयी लेखकाचे काही कर्तव्य आहे असे माझे मत आहे. मात्र पायरी कायमची खाली ठेवणे हे ते कर्तव्य नव्हे. झेडलिबच्या इतिहासाने दाखविले की तसे करून चालत नाही. किमान आवृत्ती स्पष्ट लिहावी. लिहिलेली रोज तपासावी. वाढवावयाची तर आधी सांगून, मोठ्या आवृत्तीच्या वेळी वाढवावी, सुरक्षेच्या किरकोळ दुरुस्तीच्या आड लपवून नव्हे. आणि शेवटची जुनी आवृत्ती मिळण्याजोगी ठेवून, शक्य तेवढा काळ तिच्यातील घातक दोष दुरुस्त करावेत. एवढे झाले की लेखक आपल्या ऋणातून मुक्त झाला असे मी मानतो. याहून अधिक हवे असेल, तर मागणाऱ्याने पैशाने किंवा श्रमाने वाटा उचलला पाहिजे.

आणि हा वाटा आपल्यालाही उचलता येण्याजोगा आहे. आपल्या महाविद्यालयांत जुनी यंत्रे पुष्कळ आहेत. त्यांवर नवी मुक्तस्रोत लायब्ररी बांधून पाहावी, कोठे अडते ते नीट लिहून कर्त्याला कळवावे, जमल्यास दुरुस्तीही पाठवावी, हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. ज्या जुन्या कंपायलरची लाज वाटते, त्याचाच असा उपयोग होऊ शकतो.

जुने मागे ठेवून पुढे जाताना वाट कशी राखावी, याचे उदाहरण जीसीसीनेच घालून दिले आहे. ४.८ पासून तो बांधण्यास सी प्लस प्लसचा कंपायलर लागतो, आणि २०२१ च्या अकराव्या आवृत्तीला तर २०११ च्या सी प्लस प्लसचा लागला. केवळ सी जाणणारा कंपायलर ज्याच्याजवळ आहे, त्याला या आवृत्त्या थेट बांधता येणार नाहीत. पण ४.७ ही केवळ सीने बांधता येणारी शेवटची आवृत्ती भांडारात अजून ठेवलेली आहे. ती बांधावी, तिच्या साहाय्याने दहावी, आणि दहावीच्या साहाय्याने अकरावी. वाट लांब आहे, वेळ खाणारी आहे, पण तीत एकही पायरी निखळलेली नाही. आपली संहिता पुढे नेणाऱ्या प्रत्येक कर्त्याने मागे वळून एवढेच पाहावे की, आपल्या मागची अशी एक पायरी जागेवर आहे ना.